आयपॉड जगला तो टोशिबाच्या सॉकेटमुळे

दुरुस्तीच्या हक्कावर बोलायला लागलं की उदाहरणं मोबाइलची येतात, नाहीतर ट्रॅक्टरची. दोन्ही रास्त, पण दोन्हींचा निकाल अजून लागायचा आहे. आज घेतलेल्या फोनचं पंधरा वर्षांनी काय होईल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. ज्याचं खातं पूर्ण मिटलं आहे असं एक यंत्र मात्र समोर आहे, ते म्हणजे ॲपलचा आयपॉड. 23 ऑक्टोबर 2001 ला पहिला जाहीर झाला आणि 10 मे 2022 ला कंपनीने शेवटचं मॉडेल थांबवल्याचं सांगितलं. मधल्या वीस वर्षांत मोठा आयपॉड, मिनी, शफल, नॅनो आणि टच अशा पाच घराण्यांत दोन डझनांवर मॉडेलं निघाली. कंपनी एकच, गिऱ्हाईकही साधारण तेच. तरी यातली काही आज नव्या बॅटरीवर ठणठणीत वाजतात आणि काही कागद दाबून ठेवायच्या लायकीची उरली आहेत. यात कंपनीच्या सेवेचा वाटा जवळजवळ शून्य आहे. कोणता भाग कशाने जोडला होता, एवढ्यावरच सगळं ठरलं. भारतात उपकरणांना दुरुस्तीचे गुण देण्याची तयारी चालू असताना हा निकाल वाचून पुढे जायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

आयपॉडच्या आधीचे खिशातले प्लेअर साध्या पेन्सिल सेलच्या मापावर चालत. 1998 च्या रिओ पीएमपी300 ला एक सेल लागे. मेमरी 32 एमबी, म्हणजे 128 केबीपीएसने (सेकंदाला 128 किलोबिट) भरली तर जेमतेम अर्ध्या तासाचं गाणं. 2000 सालच्या क्रिएटिव्हच्या नोमॅड ज्यूकबॉक्समध्ये 6 जीबीची, लॅपटॉपमध्ये असते तशी अडीच इंची डिस्क होती आणि तिला चार सेल. सेल दगावले की दुसरे घालायचे, त्यासाठी कंपनीचं तोंड बघायची गरज नव्हती. यंत्र मात्र बोजड होतं.

ॲपलने लिथियम पॉलिमर बॅटरी आत बंद केली. यामागे निव्वळ लबाडी होती असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. टोशिबाने नुकतीच काढलेली 1.8 इंची, 5 जीबीची डिस्क, त्याला चिकटून चपटी बॅटरी, एकूण वजन 185 ग्रॅम आणि दहा तास वाजण्याचा दावा हे सगळं पेन्सिल सेलवर जमलं नसतं. शिवाय वीज वाचवायची एक हुशार युक्ती आत होती. डिस्क सतत फिरत नाही. ती फिरून 32 एमबीच्या मेमरीत पुढची गाणी ओतते आणि थांबते, मग वीसेक मिनिटं गाणं मेमरीतून वाजतं. म्हणूनच ॲपल स्वतः सांगे की फाइल 9 एमबीच्या आत ठेवा. तीन-चार मिनिटांच्या सिनेगीताला हे चालतं. चाळीस मिनिटांचा ख्याल एका फाइलमध्ये भरला तर 128 केबीपीएसलाही तो 38 एमबीच्या पुढे जातो, मेमरीत मावत नाही, डिस्क पुन्हा पुन्हा उठते आणि बॅटरी लवकर बसते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचे आयपॉड दाव्याइतके चालत नसत त्याचं एक कारण हे.

तर बॅटरी आत घालणं समजण्यासारखं होतं. ती बदलायची सोय न ठेवणं मात्र समजण्यासारखं नव्हतं. लिथियमची बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. आयपॉडच्या बॅटरीबद्दल ॲपलचाच आकडा होता की 400 पूर्ण चक्रांनंतर (पूर्ण चार्ज करून पूर्ण वापरली की एक चक्र) 80 टक्के क्षमता राहील. रोज वापरणाऱ्याची 400 चक्रं दीड-दोन वर्षांत संपतात. 2003 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या भावांनी आयपॉडची बॅटरी बदलून मिळत नाही हे सांगणारी छोटी चित्रफीत काढली आणि ती खूप फिरली. त्याच सुमारास कंपनीने 99 डॉलरला बॅटरी बदलून द्यायची योजना आणली. अमेरिकेत ग्राहकांनी एकत्र दावा लावला, 2005 मध्ये तडजोड झाली आणि पहिल्या तीन पिढ्यांच्या मालकांना 50 डॉलरची खरेदीची सूट वगैरे मिळाली. इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात: लोकांनी आवाज उठवला, कंपनी नमली. खरं तर त्या 99 डॉलरच्या योजनेने आज एकही आयपॉड जिवंत ठेवलेला नाही.

जिवंत ठेवलं ते दोन सॉकेटांनी. पहिलं बॅटरीचं. मोठ्या आयपॉडच्या सगळ्या पिढ्यांमध्ये बॅटरी प्लगने किंवा पातळ रिबनने मदरबोर्डला जोडलेली आहे, डाग देऊन (सोल्डर करून) नव्हे. दुसरं डिस्कचं. डिस्क ॲपलची नव्हती, बाजारातली होती, त्यामुळे तिची जोडणीही बाजारातलीच होती. ऑक्टोबर 2005 च्या पाचव्या पिढीपासून, म्हणजे ज्याला सगळे व्हिडिओ आयपॉड म्हणतात त्यापासून, ती 40 पिनांच्या रिबनची झिफ जोडणी आहे, म्हणजे रिबन आत सरकवायची आणि बारीक कडीने पक्की करायची. तीच तेव्हाच्या छोट्या लॅपटॉपांत होती, 2008 च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्येही होती. कोणत्या पिनेवर काय येतं हे गुपित नव्हतं. म्हणून पुढे कुणी तरी छोटं सर्किट बनवू शकलं, ज्याच्या एका टोकाला ही रिबन बसते आणि दुसऱ्या टोकाला एक, दोन किंवा चार मायक्रोएसडी कार्डं. आयफ्लॅश नावाने मिळणारी सर्किटं याच जातीची. ॲपलची परवानगी लागली नाही, कारण ॲपलचं त्यात काही नव्हतंच.

मिनीचं नशीबही असंच. जानेवारी 2004 च्या त्या 4 जीबीच्या यंत्रात हिताचीची एक इंची मायक्रोड्राइव्ह होती, आणि तिची पिनरचना कॅमेऱ्याच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाची. आज तिच्या जागी कार्ड घातलं की झालं. (त्याच वर्षी उलटा प्रकारही झाला. क्रिएटिव्हच्या म्यूव्हो प्लेअरमध्ये अशीच ड्राइव्ह होती आणि सुटी ड्राइव्ह प्लेअरपेक्षा महाग, म्हणून छायाचित्रकार अख्खा प्लेअर घेऊन ड्राइव्ह तेवढी काढून घेत.)

आता हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते पाहू, कारण कायद्याच्या भाषेत ‘दुरुस्तीयोग्य’ हा शब्द सहज लिहिला जातो आणि खरा अर्थ टेबलावर कळतो. पाचव्या पिढीच्या आयपॉडचा पुढचा भाग प्लास्टिकचा आणि पाठ चकचकीत स्टीलची. होल्डचं बटण सरकवून कुलूप लावायचं, दोन्हींच्या फटीत पातळ प्लास्टिकची पट्टी घालून बाजूच्या खाचा एकेक सोडवत जायचं. पाठ सुटली की झटक्याने ओढायची नाही. पाठीला हेडफोनच्या जॅकची आणि बॅटरीची अशा दोन रिबनी अजून जोडलेल्या असतात. बॅटरीच्या रिबनवर तपकिरी रंगाची बारीक कडी असते. ती फक्त एक-दोन मिलिमीटर उचलायची. नव्या हाताचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं: कडी न उचलता रिबन ओढली किंवा कडीला जोर लावला की सॉकेट बोर्डावरून उखडतं, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली डाग देणारा कारागीर शोधावा लागतो. बॅटरी पाठीला गोंदाने चिकटलेली असते. ती धातूच्या टोकाने उचकटायची नाही, भोक पडलं तर पेट घेऊ शकते. डिस्कची काळी कडी उभी करून रिबन सोडवायची, निळे रबर बाजूला ठेवायचे, सर्किट कार्डासकट बसवायचं आणि संगणकाला जोडून रिस्टोअर करायचं, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने भरायचं.

बिघडतं काय? बहुतेक वेळा कार्ड खोटं असतं. पाकिटावर 256 जीबी, आत 32, आणि रिस्टोअर बिनबोभाट होतं कारण सुरुवातीची जागा खरी असते. गाणी भरताना मध्येच यंत्र अडकतं. म्हणून कार्ड आत घालण्यापूर्वी संगणकावर पूर्ण लिहून पुन्हा वाचून तपासायचं. दुसरा घोळ बॅटरीचा. डिस्क गेल्याने जागा मोकळी होते, त्यात जाड पाठीच्या मॉडेलला 3000 एमएएच (मिलिअँपिअर-तास) पर्यंतच्या बॅटऱ्या विकल्या जातात. आकडा खरा की थापा, हे तराजू सांगतो. 3000 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट म्हणजे 11 वॉट-तास, आणि या रसायनात एका किलोत साधारण 200 ते 250 वॉट-तास मावतात. तेव्हा बॅटरी 45 ते 55 ग्रॅमची हवी. 30 ग्रॅम भरली तर छापलेला आकडा विसरायचा.

तिसरी अडचण सॉफ्टवेअरची आहे. 2007 पासून मोठ्या आयपॉडचं नाव क्लासिक झालं. 2007 आणि 2008 च्या क्लासिकचं मूळ सॉफ्टवेअर डिस्कचे पत्ते 28 बिटांतच मोजतं, म्हणून 128 जीबीच्या पुढची जागा त्याला दिसतच नाही. 2009 च्या 160 जीबी क्लासिकला ही मर्यादा नाही. जुन्यांवरही उपाय आहे: रॉकबॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर, जे मुळात आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी हौशी प्रोग्रामरांनी लिहायला घेतलं होतं. ते आयपॉडवर चढवलं की मर्यादा जाते, फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइल वाजतात आणि गाणी साध्या फोल्डरांमधून उघडतात.

2007 ची क्लासिक हे खरं तर या गोष्टीतलं वाईट वळण होतं. प्लास्टिकच्या जागी पुढेही धातूचं कवच आलं, धातूच्या खाचा घट्ट झाल्या, आणि बाहेर ओरखडा किंवा कडेला वाकडेपणा न येऊ देता ती उघडणं सरावलेल्या हातालाही जड जातं. तरी आतली जोडणी तीच असल्याने ती वाचली. उघडायला त्रास होणं हा एक दोष आहे, आणि उघडल्यावर काहीच करता न येणं हा वेगळा, कितीतरी मोठा दोष आहे. गुण देणाऱ्या कुणीही हे दोन एकाच खान्यात टाकू नयेत.

दुसऱ्या दोषाचं उदाहरण म्हणजे नॅनो. सप्टेंबर 2005 चा पहिला नॅनो 42 ग्रॅमचा, 6.9 मिलिमीटर जाडीचा. देखणेपणात आजही त्याला तोड नाही, हे कबूल. पण मेमरीच्या चिपा बोर्डावर कायमच्या, आणि बॅटरीच्या तारा बोर्डाला डाग दिलेल्या. शफल आणि पहिला टच यांचीही तीच गत. ज्याला डागकाम येतं तो बॅटरी बदलेल, पण चिप मेली तर सगळंच संपलं. मार्च 2009 च्या तिसऱ्या शफलने तर कमाल केली: यंत्रावरची बटणं काढून इअरफोनच्या वायरीवर नेली. साधा इअरफोन लावला तर गाणं पुढे-मागे करता येईना, आवाज वाढवता येईना. दीड वर्षात, 2010 च्या चौथ्या शफलमध्ये, बटणं परत आली.

याच काळात तिसऱ्या बाजूनेही दार लावायचा प्रयत्न झाला. आयपॉडमध्ये गाणी लपवलेल्या फोल्डरांत चार अक्षरी नावांनी साठतात आणि कोणतं गाणं कुठे आहे याची यादी एका वेगळ्या फाइलमध्ये असते. सप्टेंबर 2007 च्या मॉडेलांपासून या यादीला गणिती शिक्का लागला. आयट्यून्स या ॲपलच्या गाणी भरायच्या प्रोग्रामखेरीज दुसऱ्या प्रोग्रामने यादी लिहिली तर आयपॉडला एकही गाणं दिसेना. लिनक्स वापरणाऱ्यांनी तो शिक्का उलगडला. त्याची चर्चा करणारी पानं काढायला लावण्याचा प्रयत्न ॲपलने केला, 2009 मध्ये प्रकरण अमेरिकेत न्यायालयात गेलं आणि कंपनीने माघार घेतली. सॉकेट उघडं असूनही सॉफ्टवेअरने यंत्र बंद करता येतं, हे इथे आधीच दिसलं होतं. आजच्या फोनांमध्ये दुसरी बॅटरी टाकल्यावर येणारे इशारे याच वंशाचे.

बंद बॅटरीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात: जाडी, पाणी आणि सुरक्षितता. जाडीचा मुद्दा खरा आहे, पण तो प्लग आणि डाग यांतल्या फरकाचा नाही. एका छोट्या प्लगने जाडी किती वाढते ते कुणीही मोजून पाहावं. पाण्याचा मुद्दा काही वस्तूंना लागू आहे, म्हणून युरोपच्या बॅटरी नियमातही मुख्यतः ओल्या जागी वापरायच्या वस्तूंना वेगळी वाट ठेवली आहे. सुरक्षिततेचा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो आणि इतिहासाने तोच सगळ्यात जास्त उलटवला आहे.

ऑगस्ट 2007 मध्ये नोकियाने बीएल-5सी जातीच्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला. चार्जिंग करताना त्या तापण्याची शक्यता होती. मात्सुशिता कंपनीने ठरावीक काळात बनवलेल्या त्या बॅटऱ्या भारतातही होत्या आणि लोक घाबरलेही. पण करायचं काय होतं? झाकण काढा, बॅटरीच्या पाठीवरचा 26 अक्षरांचा क्रमांक जुळवा, जुळला तर बॅटरी बदलून घ्या. फोन घरीच. नोव्हेंबर 2011 मध्ये ॲपलला पहिल्या नॅनोबद्दल असाच इशारा द्यावा लागला, सप्टेंबर 2005 ते डिसेंबर 2006 दरम्यान विकलेल्या यंत्रांची बॅटरी तापू शकत होती. इथे झाकण नव्हतं. अख्खा नॅनो पाठवून द्यावा लागला, आणि त्या जागी दुसरा आला. दोष एकाच जातीचा. एकीकडे काही ग्रॅमची बॅटरी बदलली, दुसरीकडे संपूर्ण यंत्र कचऱ्यात गेलं.

या बीएल-5सीचं पुढे काय झालं ते आपल्याकडे जास्त दिसतं. नोकियाचे ते फोन गेले, बॅटरीचं माप राहिलं. साधारण 53 बाय 34 मिलिमीटर, जाडी साडेपाचच्या आसपास. देवळाबाहेर मिळणारे भजनाचे डबे, पेनड्राइव्ह लावून वाजणारे छोटे एफएम स्पीकर, यांतल्या कितीतरी वस्तूंमध्ये ही बॅटरी बसते, आणि लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतच नव्हे तर तालुक्याच्या मोबाइल दुकानातही ती मिळते. कुणी कायदा केला नव्हता. माप सगळ्यांना ठाऊक झालं, एवढंच. तीनशे-चारशे रुपयांचा डबा बॅटरी बदलून वाजत राहतो आणि त्याच्या कितीतरी पट महाग नॅनो वाजत नाही, हे अभियांत्रिकीच्या प्रगतीचं लक्षण मानायला मी तयार नाही.

आता नियमांकडे. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी, उष्णता किंवा रसायन न वापरता. सॉफ्टवेअरने दुसरी बॅटरी अडवायची नाही, आणि शेवटचा नग बाजारात आल्यापासून पुढे किमान पाच वर्षं बॅटरी उपलब्ध ठेवायची. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा दिला. सुटं करायला किती पायऱ्या लागतात, माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत मिळतात का, सॉफ्टवेअर अद्ययावत राहतं का, हत्यारं कोणती, स्क्रू कोणते, अशा सहा कसोट्या त्यात आहेत. कसोट्या चांगल्या आहेत. पण पहिल्या टप्प्यात फक्त स्मार्टफोन आणि टॅबलेट आहेत, आणि मला खटकतं ते इथे. खिशातल्या संगीताची आजची वारस वस्तू कानात बसते. वायरलेस इअरबडमधली बॅटरी नखाएवढी, तिची चक्रं फार भरभर संपतात, आणि बहुतेक नग गोंदाने बंद असतात. ॲपलच्या पहिल्या एअरपॉड्सना, यंत्रं उघडून दुरुस्तीचे गुण देणाऱ्या आयफिक्सिटने दुरुस्तीत दहापैकी शून्य दिला होता. इतक्या छोट्या वस्तूत दुसरं काही शक्य नाही, असं म्हणणाऱ्यांना उत्तर 2024 मध्ये मिळालं: दुरुस्तीयोग्य फोन बनवणाऱ्या फेअरफोन कंपनीच्या फेअरबड्समध्ये दोन्ही कानांतल्या आणि डबीतल्या बॅटऱ्या वापरणारा स्वतः बदलतो. फोन हजारोंचा असतो, त्यामुळे माणूस दुरुस्तीला पैसे घालतो. इअरबड दीड हजारांचे, म्हणून ते सरळ फेकले जातात. निर्देशांकाची गरज जास्त आहे ती इथे.

दुसरी हरकत सुट्या भागांच्या वर्षांवर आहे. पाच वर्षांची, सात वर्षांची हमी ऐकायला भक्कम वाटते. आयपॉड क्लासिकला ती लावून बघा. ती सप्टेंबर 2014 मध्ये बंद झाली; पाच वर्षांची हमी 2019 मध्ये संपली असती. शिवाय ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी दिलेलं कारणच असं होतं की लागणारे भाग जगात कुठे मिळेनासे झाले. म्हणजे कंपनीच्या कपाटातला साठा हा यंत्राच्या आयुष्याचा पाया होऊच शकत नाही, कारण ते कपाट कधी तरी रिकामं होतंच. त्याच कारणाने बंद पडलेली क्लासिक त्यानंतर मायक्रोएसडीवर चालू लागली, कारण जोडणीचं माप कपाटात नव्हतं, सगळ्यांकडे होतं.

म्हणून समितीच्या कसोट्यांत सातवी घालावी, आणि तिला सुट्या भागांच्या कसोटीपेक्षा जास्त वजन द्यावं: झिजणाऱ्या प्रत्येक भागाची लांबी, रुंदी, जाडी, व्होल्ट, प्लगचा प्रकार आणि पिनांचा क्रम कंपनीने विक्रीच्या पहिल्या दिवशी जाहीर केला आहे का? नवी बॅटरी यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवावी लागत असेल तर ती नोंद करायची पद्धतही त्यातच. यात कंपनीला एकही जास्तीचा भाग बनवायचा नाही, साठवायचा नाही. एक पान छापायचं आहे. त्या पानावरून बॅटरी बनवायला भिवंडीचा कारखाना पुढे येईल की शेनझेनचा, ते बाजार बघून घेईल.